शेवटच्या कोऱ्या पानावरचे पंख

कोंबडीचे पंख भाजून खाल्लेत कधी? रश्श्यात शिजलेले म्हणत नाही मी. ते सगळ्यांनीच खाल्लेत आणि ताटाच्या कडेला सारलेत. मी म्हणतेय ते निखाऱ्यांच्या धगीत सावकाश भाजलेले, कातडी कुरकुरीत, हाडाजवळचं मांस नुसतं ओढलं तरी सुटून येणारं, वर तिखट-लसणाचा लाल लेप आणि आचेवरून उतरल्यावर पिळलेलं लिंबू. नसतील खाल्ले तर हा लेख बाजूला ठेवा, आधी चिकन सेंटरला फोन लावून पंख सांगून ठेवा आणि मग पुढे वाचा. मला आता दुसरं काही सुचत नाहीये. लग्न होऊन राणीसावरगावात आल्यापासून मी या चुलीवर शेकडो भाकऱ्या थापल्या असतील, पण याच चुलीवर, याच तव्याने असं काही होऊ शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? लिहून ठेवलेलं होतं. माझ्याच कपाटात, माझ्याच पुस्तकात.

पुस्तक म्हणजे ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि मराठी घरांत असं रुजलं, की मुलीच्या रुखवतात भांड्यांबरोबर त्याची प्रत ठेवायची रीत पडली. किलो-ग्रॅमच्या भानगडीत न पडता वाटी आणि चमच्याचं माप द्यायचं, ही त्याची खरी थोरवी. वजनकाटा नसलेल्या घरातल्या नवख्या सुनेलाही त्यातून नेमका पदार्थ करता यायचा. माझ्याकडची प्रत परभणीच्या माझ्या आईची. कणा उसवलेला, तेलाच्या बोटांनी पानं पारदर्शक झालेली, कडबोळ्यांच्या पानावर हळदीचा अंगठा. मी त्यातून अनारसे केले, चिरोटे केले, लोणची घातली. पण छापील मजकूर संपल्यावर मागे जी कोरी पानं असतात, तिकडे कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. तिथे आईच्या बारीक अक्षरात कृती आहेत, शेजारणींकडून ऐकलेल्या, लग्नाकार्यात विचारून घेतलेल्या. आणि अगदी शेवटच्या पानावर, उभ्या समासात, जागा पुरली नाही म्हणून आडवं वळवून लिहिलेलं: ‘भाजलेली कोंबडी. खालांची. खाली-वर निखारे.’

खाला म्हणजे आईच्या माहेरी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तिथल्या गल्ल्यांमधून अशा कृती कुंपण ओलांडून आपोआप इकडच्या तिकडे होत. वरच्या झाकणावर निखारे ठेवून दम देणं ही हैदराबादी बिर्याणीची रीत आपल्याला ठाऊक असते. तीच रीत खालांनी कोंबडीला लावली होती आणि आईने ती कमलाबाईंच्या मापात, म्हणजे वाटी-चमच्यात बसवून उतरवून घेतली होती. किती सुंदर गोष्ट आहे ही! हैदराबादची आच, कमलाबाईंचं सांगलीकडचं माप, परभणीचं करडईचं तेल आणि सगळं एका समासात.

कृती अख्ख्या कोंबडीच्या तुकड्यांची होती. पण तिच्या खाली आईने एक ओळ वेगळ्या शाईत, बहुधा बऱ्याच काळाने, लिहिली होती: ‘पंख सगळ्यांत चांगले होतात.’

या एका ओळीने मला झोप लागू दिली नाही.

आमच्या भागात कोंबडी म्हणजे रस्सा. गंगाखेडहून बालाघाटाच्या डोंगराकडे निघालं की आमचं गाव लागतं आणि या सगळ्या पट्ट्यात पाहुणे आले की काळा मसाला, भाजलेलं खोबरं, येसर, वर तर्री आणि खाली कुस्करलेली ज्वारीची भाकरी. त्या रश्श्याबद्दल माझी जराही तक्रार नाही. पण विचार करा, आपण काय काय भाजतो! हिवाळ्यात आगटी पेटवून हुरडा भाजतो, वांगं राखेत घालून त्याचं भरीत करतो, भुईमुगाच्या शेंगा भाजतो, मक्याची कणसं भाजतो, पापड तर रोजच. धग कशी सांभाळायची हे आपल्या हाताला उपजत कळतं. आणि कोंबडी मात्र पातेल्यात बुडवतो! त्यातही पंख तर बिचारे रश्श्याला चव देऊन संपतात. लेग पीस मुलांना, छातीचे तुकडे पाहुण्यांना आणि पंख शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात.

चिकन सेंटरवर मी एक किलो नुसते पंख मागितले तेव्हा दुकानातल्या दादांनी सुरी खाली ठेवली. एका ब्रॉयलरचा एक पंख ऐंशी-शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे किलोभर पंखांसाठी पाच-सहा कोंबड्या लागतात. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आणि खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. मी म्हटलं, कातडीसकट हवेत. “सगळ्यायला स्किन काढूनच देतो वहिनी, तुमाला कशाला पायजे?” ते म्हणाले. आपल्याकडच्या दुकानांत पिसांसकट कातडी एका झटक्यात ओढून काढतात, कारण ते झटपट होतं. कातडी ठेवायची तर कोंबडी कढत पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात आणि त्याला वेळ जातो. त्यांनी ते केलं, अगदी मनापासून केलं, त्यांचे आभार. घरी आल्यावर मी एकेक पंख चिमट्यात धरून जाळावर फिरवला, उरलेली बारीक लव होरपळून घेतली आणि हळद चोळली. गावरान कोंबडीला आपल्या आज्या हेच करायच्या. होरपळलेल्या कातडीचा आणि ओल्या हळदीचा तो वास आला आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, माजघरातून उठून चुलीपाशी आल्या.

“काय करायलीस गं?”

“पंख भाजायलेय, आत्याबाई.”

“पंखायला काय खायाचं असतंय? नुसती हाडं.” पण पाट ओढून बसल्या.

आता कृती. हिच्यातला प्रत्येक टप्पा मला आईच्या त्या समासाने शिकवला, आणि प्रत्येक टप्प्याचं कारण मी नंतर शोधून शोधून वाचलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किलोभर पंख फडक्याने कोरडे पुसायचे. ओले राहिले तर सगळं मुसळ केरात. मग चहाचे दोन चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद, एवढंच. बाकी काही नाही. ताटात एकेक सुटा मांडून, वर झाकण न घालता, फ्रिजमध्ये निदान दोन-तीन तास ठेवायचे. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग ते खारट पाणी परत आत मुरतं आणि कातडी वरून कोरडी पडते. कोरडी कातडीच लाल होते. कारण असं, की पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा जो रंग, जो वास आपल्याला वेडं करतो, तो एकशे चाळीस अंशांच्या पुढे भराभर तयार होतो. लुई कामील मेलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली प्रथिनांचे घटक आणि साखर यांच्यातली ही अभिक्रिया मांडली. भाकरीच्या पापुद्र्यावरचे तपकिरी डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, सगळं तेच.

तेवढ्या वेळात चूल. आणि इथे सरपण महत्त्वाचं! तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात, जाळ छान होतो, पण निखारा धरत नाहीत, लगेच राख होते. निखारे हवेत बाभळीचे. बाभळीची दोन लाकडं तासभर आधी लावून ठेवायची. घट्ट, लालभडक, बराच वेळ टिकणारे निखारे पडतात.

जाड बुडाची लोखंडी कढई घ्यायची. तळाला कांद्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या अंथरायच्या, म्हणजे पंख बुडाला टेकत नाहीत आणि सुटणारी चरबी कांद्यावर पडते. त्या चकत्यांवर पंख एका थरात, एकावर एक अजिबात नाही. आणि झाकण म्हणून काय? भाकरीचा तवा! आपला लोखंडी तवा मधे खोलगट असतो, निखारे त्यात असे बसतात जणू त्यासाठीच घडवलाय. तव्याच्या एका कडेखाली उलथणं अडकवून फट ठेवायची, म्हणजे आतली वाफ निघून जाते. नाहीतर पंख उकडतात. आईने लिहिलंय, ‘खाली थोडे, वर दुप्पट.’ खाली निखारे जास्त झाले तर कांदा करपतो. वरची धगच कातडी भाजते.

आणि मी पहिल्यांदा तवा उचलून आत डोकावले तेव्हा! कातडीखालची चरबी वितळून बाहेर आली होती, पंख आपल्याच चरबीत वरून तळले जात होते, कडा सोनेरी, सांध्यांपाशी बुडबुडे, खाली कांदा चरचरतोय. तेल घातलेलं नव्हतं, एक थेंबही नाही! मला इतका आनंद झाला, की मी तिथूनच आईला फोन लावला.

पंखाची ही करामत त्याच्या घडणीत आहे. पंखात आपल्या हातासारखेच भाग असतात. खांद्याजवळचा मांसल भाग, त्यात एक हाड. मग कोपर ते मनगट, त्यात दोन समांतर हाडं. मग टोक, ज्यात मांस जवळजवळ नाहीच, कातडी, कूर्चा आणि बारीक हाडं. एवढ्याशा मांसाला इतकी कातडी कोंबडीच्या दुसऱ्या कुठल्याच तुकड्याला नसते. छातीचं मांस थोडं जास्त शिजलं की कोरडं ठक्क पडतं, कारण त्यात चरबी फारशी नाही आणि सांधेही नाहीत. पंखात सांधे, स्नायुबंध, कातडी सगळं कोलॅजनने भरलेलं. ते सावकाश धगीत विरघळून चिकट, मऊ जिलेटिन होतं. म्हणून पंख जास्त भाजला तरी बिघडत नाही, उलट सुधारतो. छातीला पंचाहत्तर अंश पुरेसे, पंखाला आतून पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत जाऊ द्यावं. नवशिक्या माणसाला याहून क्षमाशील तुकडा मिळणार नाही. आणि हाच तुकडा आपण फुकट घालवतो!

आपणच नव्हे, अमेरिकाही घालवत होती. तिकडेही पंख सूपच्या पाण्यात जायचे. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बार नावाच्या खाणावळीत टेरेसा बेलिसिमो या बाईंनी ते तळून तिखट सॉसमध्ये घोळवले आणि आज जगभर ‘बफेलो विंग्स’ म्हणून जे खातात ते तिथून निघालं. १९७७ मध्ये त्या शहराने २९ जुलै हा चक्क पंखांचा दिवस म्हणून जाहीर केला. मी हे वाचलं तेव्हा मला परभणीच्या खालाच आठवल्या. त्यांनी कोणता दिवस जाहीर केला नाही. त्यांचं नाव एका समासात राहिलं, पण माझ्या लेखी मान त्यांचा मोठा, कारण त्यांनी ही गोष्ट तळणीचं तेल न ओतता केली.

आता मसाला. आणि ही या कृतीची जान आहे. आईने ओळ अधोरेखित केलीय: ‘मसाला शेवटी.’ आपली सवय काय? तिखट, आलं-लसूण, दही सगळं फासून रात्रभर मुरवत ठेवायचं. तंदुरीच्या भट्टीत ते चालतं, कारण तिथे तुकडा काही मिनिटांत निघतो. इथे पाऊण तास भाजायचं असतं. तेवढ्या वेळात लाल तिखट काळं पडून कडू होतं, लसूण करपतो, आणि दह्या-लिंबाचं पाणी कातडीला कोरडं होऊच देत नाही. म्हणून आधी नुसतं मीठ-हळद. अर्धा तास झाला, पंख एकदा उलटून झाले, सोनेरी रंग आला, की मग मसाला.

मी फोनवर विचारलं, आई, मसाला शेवटी का गं? आई म्हणाली, “आधी घातला की कडू होतो. खाला म्हणायच्या, आधी आग, मग मसाला.” बस्स. पाककलेचा एवढा मोठा धडा इतक्या थोडक्यात!

मसाला असा: तीन चमचे लाल तिखट, झेपत असेल तर चार. एक चमचा धने, एक चमचा जिरे, दहा-बारा मिरे, हे कोरडे भाजून जाडसर कुटलेले. लसणाचा अख्खा गड्डा आणि बोटाच्या पेराएवढं आलं, पाट्यावर वाटलेलं. हे सगळं पाव वाटी करडईच्या तेलात कालवायचं. करडई आमच्या मराठवाड्याचं तेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाण दिलं, आणि घाण्याच्या करडई तेलाचा तो किंचित कडसर, दाणेदार वास दुसऱ्या कशालाच येत नाही. तिखटाचा जाळ ज्या द्रव्यात असतो ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तेलात कालवलेला मसाला जिभेवर एकसारखा पसरतो. टोचत नाही, चढत जातो. घाण्याचं तेल फार तापलं की धुरावतं, हेही ते शेवटी घालण्याचं एक कारण.

प्रत्येक पंखाला हा लेप दोन्ही बाजूंनी लावायचा, तव्यात ताजे निखारे घालायचे आणि दहा-बारा मिनिटं. बाजूला उभं राहायचं, हलायचं नाही. लेप आधी चकाकतो, मग सुकतो, मग कडांना गडद होतो आणि एकदम एक वास सुटतो, भाजल्या लसणाचा, जिऱ्याचा, बाभळीच्या धुराचा. त्याच क्षणी उतरवायचं. वर दोन लिंबं पिळायची, बारीक कांदा, कोथिंबीर. उतरवण्याआधी सांध्यापाशी टोचून पाहायचं, येणारा रस स्वच्छ हवा, गुलाबी नको.

पहिला पंख मी आत्याबाईंना दिला. त्यांनी तो कोपरापाशी मोडला, दोन हाडांमधलं मांस दातांनी ओढून काढलं, कातडीचा कुर्रर्र असा आवाज झाला आणि बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग दुसरा उचलला. तिसऱ्यानंतर म्हणाल्या, “इतकी वर्षं रश्श्यात बुडवायलो होतो की गं आपण हे.”

मुलं तर ताटावरून हलेनात. मामंजी एरवी भाकरी कुस्करल्याशिवाय जेवत नाहीत, त्यांनी कोरड्या भाकरीशी पंख खाल्ले आणि टोकंसुद्धा चघळून संपवली. ती टोकं टाकू नका बरं! पूर्ण भाजलेलं टोक पापडासारखं होतं.

आणि मग जे झालं ते आईच्या समासातही नव्हतं, ते आत्याबाईंचं. कढईच्या तळाशी कांद्याच्या चकत्या राहिल्या होत्या, पंखांच्या चरबीत, रसात, मसाल्यात शिजून शिजून जवळजवळ मुरंबा झालेल्या. मी कढई घासायला नेत होते. आत्याबाईंनी हात धरला. कढई परत चुलीवर, त्यात दोन तांबे पाणी, उकळी फुटल्यावर पाण्यात कालवलेला येसर. येसर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ मराठवाड्याच्या घराघरांत भरून ठेवलेलं असतं, आमटीला दाटपणा आणि खमंगपणा दोन्ही त्यानेच येतो. दहा मिनिटांत असा रस्सा झाला, की त्यात मटणाचा एक तुकडा नसताना मामंजींनी पुन्हा भाकरी मागितली. एका कढईतून आधी भाजलेलं आणि मग रश्श्याचं, दोन्ही जेवणं! ही भर मी आईच्या पानावर, तिच्या अक्षरांखाली, आत्याबाईंच्या नावाने लिहून ठेवली आहे.

ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी अडून बसू नये. पुण्या-मुंबईच्या घरात ओव्हन असेल तर दोनशे वीस अंशांवर, जाळीवर, खाली ताटात कांद्याच्या चकत्या ठेवून तीस-पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून, आणि मग मसाल्याचा लेप लावून वरच्या आचेवर आणखी दहा मिनिटं. निखाऱ्याचा धूर मिळणार नाही, बाकी सगळं मिळेल. पण ज्यांच्या अंगणात चूल आहे, त्यांनी ओव्हन नाही म्हणून हळहळायचं काहीही कारण नाही, हे मला अगदी ठासून सांगायचंय. खाली-वर धग देणारी भट्टी आपल्याकडे कायम होती. गोव्यात बेबिंकाचे थर वरच्या निखाऱ्यांवरच भाजत आले, पाठारे प्रभूंचं भानोलं असंच व्हायचं. गॅसची शेगडी आली आणि वरची आच तेवढी आपण विसरलो. मोबाईलवरच्या रेसिपी बघून मी किती वेळा मनात म्हटलं असेल, ओव्हन नाही, आपल्याला जमणार नाही. माझी भट्टी रोज सकाळी भाकऱ्या भाजून भिंतीला टेकून उभी असायची!

तर एवढं करा. चिकन सेंटरवर आदल्या दिवशी सांगून ठेवा, कातडीसकट म्हणून दोनदा सांगा. बाभळीचं लाकूड बघा. श्रावण किंवा नवरात्र चालू असेल तर ते संपू द्या, पंख कुठे जात नाहीत. आणि घरात आईचं, आजीचं जे कुठलं जुनं पाकपुस्तक असेल, ते आजच मागून उघडा, छापील पानं संपतात तिथून. तिथे पेन्सिलीने काही खरडलेलं दिसलं तर ज्यांचं अक्षर आहे त्यांना, त्या असतील तर, आधी फोन करा आणि मग चूल पेटवा.